ड्युटी संपल्यानंतरचे जेवण

रेल्वेत लोको पायलट म्हणून काम करणाऱ्या माणसाचे जेवण भुकेवर ठरत नाही, ते गाडीवर ठरते. सोलापूरहून कधी दौंडकडे तर कधी वाडीकडे मालगाडी नेताना मी नोकरीची बहुतेक वर्षे याच हिशेबाने जेवलो. सुरुवातीच्या काळात ड्युटीचा निरोप देणारा कॉल बॉय वही घेऊन सायकलवरून दारात येई, पुढे त्याची जागा फोनने घेतली. पण कॉल आला की आवरायचे, लॉबीत, म्हणजे ड्युटीच्या नोंदीच्या कचेरीत, वेळेवर हजर होऊन साइन ऑन करायचे, हा नेम शेवटपर्यंत तोच राहिला. पहाटे तीनचा कॉल असेल तर पत्नी एक वाजता उठून भाकरी थापत असे, आणि भूक नसतानाही मी चार घास खाऊन निघत असे, कारण पुढचे जेवण कोणत्या स्टेशनात आणि किती वाजता होईल हे कोणालाच सांगता येत नसे.

त्या डब्याचेही शास्त्र होते. पातळ भाजी हादऱ्यांनी सांडते म्हणून सुकी भाजी. रात्री भात नको, कारण भाताने डोळे जड होतात. उन्हाळ्यात शिळे होऊन वास मारणार नाही असे काहीतरी, म्हणजे आमच्याकडे शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. धावत्या गाडीवरून उतरता येत नाही, म्हणून पाणी घोट घोटच प्यायचे. चहा मात्र मिळेल तिथे घ्यायचा, कारण तो जागे ठेवतो. मुक्कामाच्या ठिकाणी रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीगृहात, जुन्या पद्धतीप्रमाणे आम्ही पेटीतून शिधा न्यायचो आणि तिथला स्वयंपाकी तो शिजवून द्यायचा. रात्रभर गाडी चालवून सकाळी नऊला गरम भात-आमटी पोटभर खाऊन झोपणे, हे तेव्हा आमचे रात्रीचे जेवण असे. हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, निवृत्तीनंतर माणसाचे खाणे बदलते असे आपण सहज म्हणतो, पण ते कशापासून बदलते हे लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या अडचणी समजत नाहीत.

साठाव्या वर्षी मी निवृत्त झालो. वेळापत्रक संपले, पण शरीराला ते कळायला बराच काळ लागला. मध्यरात्री दोनच्या सुमाराला जाग येऊन कडकडून भूक लागे आणि दुपारी बाराला ताट समोर आले की घास उतरत नसे. ‘आता मिळते आहे तेव्हा खाऊन घ्यावे’ ही ड्युटीवरची सवय घरातही चालू राहिली, फरक इतकाच की ड्युटीवर पुढचे जेवण खरोखरच अनिश्चित असे आणि घरात ते चार तासांनी हमखास येई. त्यात दिवसभर घरी असल्यामुळे चहाच्या फेऱ्या वाढल्या, आणि चहासोबत बिस्किट किंवा खारी आलीच. पहिल्याच वर्षी पोटाचा घेर वाढला, आणि रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२ आला. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात, तेव्हा मी काठावर होतो. रक्तदाबाची गोळी तर त्याआधीच सुरू झाली होती.

यानंतर जे घडले ते आपल्याकडच्या बहुतेक घरांत घडते. नातेवाईक, शेजारी, सकाळी फिरायला येणारे सोबती, सगळे एकमुखाने सांगू लागले की आता वय झाले, कमी खा, हलके खा. पोट जड होते म्हणून कडधान्यांची उसळ बंद झाली. अंडी आणि रविवारचे मटण ‘या वयात कशाला’ म्हणून मागे पडले. भाकरी चावत नाही म्हणून ताटात पोळी आली, आणि पोळीही पुढे दुधात किंवा वरणात कुस्करून खाल्ली जाऊ लागली. रात्री तर मऊ भात, वर तुपाची धार आणि पातळ वरण एवढ्यावरच भागू लागले. पचायला हे सगळे खरोखरच सोपे होते आणि पोटाची तक्रारही राहिली नाही, त्यामुळे आपले खाणे वयाला शोभेसे झाले आहे असे घरात सगळ्यांनाच वाटत होते.

दातांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण म्हातारपणातले खाणे जिभेइतकेच दातांवर अवलंबून असते आणि याकडे आपण फार उशिरा पाहतो. माझ्या दाढा एकेक करत हलू लागल्या आणि काढाव्या लागल्या. हिरड्या भरून येईपर्यंत दंतवैद्यांनी कवळीचे माप घेतले नाही, आणि त्या मधल्या काळात मी जवळजवळ रव्याच्या खिरीवर आणि मऊ भातावरच होतो. कवळी आल्यावर वाटले की आता प्रश्न सुटला. पण वरच्या कवळीची पट्टी टाळूवर बसते, आणि घास गरम आहे की कोमट, त्यात मीठ किती आहे, याचा अंदाज घेण्यात टाळूचा किती वाटा असतो हे ती झाकली गेल्यावरच कळते. पहिले काही आठवडे प्रत्येक पदार्थ एकसारखाच लागत होता. कडक भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला तर कवळीच्या खाली चटणीचा कूट जाऊन हिरडी सोलवटून निघे. ज्या भाकरीने मला आयुष्यभर सोबत केली, ती दुधात भिजत घालून चमच्याने खाण्याची वेळ आली तेव्हा मला मनापासून वाईट वाटले.

चवीचे दुसरे कारण नाकात असते. वय वाढते तसा वास कमी येऊ लागतो आणि जिभेच्या चवीपेक्षाही पदार्थाची लज्जत वासाने अधिक ठरते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. पण त्याची खूण आधीच मिळाली होती. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, दूध उतू जाऊन बर्नरवर जळत होते, आणि बाहेरून आलेल्या पत्नीने विचारले, “अहो, एवढा वास सुटला आहे, तुम्हाला आला नाही का?” मला खरोखरच आला नव्हता. त्या काळात आमटी अळणी लागते म्हणून मी ताटात वरून मीठ घेत असे, दोन्ही वेळेला लोणच्याची फोड आणि पापड हवाच असे, आणि रक्तदाब गोळीलाही दाद देत नसे. आमटी अळणी झालेली नव्हती, मला ती कळणे कमी झाले होते.

वजन मात्र उतरू लागले होते आणि त्याचे घरात कौतुक होत होते. पोट तसेच राहून हातपाय बारीक होत आहेत, हे कोणाच्या लक्षात आले नाही. आमच्याकडे सणावाराला पाटावर मांडी घालून जेवायला बसण्याची पद्धत आहे. एका दिवाळीत पंगत उठली आणि मला उठता येईना. गुडघे दुखत नव्हते, कुठे लचकही भरली नव्हती, पायांत उचलण्याची ताकदच नव्हती. एक हात जमिनीला आणि दुसरा धाकट्या मुलाच्या खांद्याला लावून मी उभा राहिलो. मालगाडीच्या इंजिनाच्या उभ्या शिडीवरून मी आयुष्यभर चढलो-उतरलो होतो, आणि ती शिडी सोडून मला फार वर्षेही झाली नव्हती.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवले, दोन्ही हात छातीवर बांधायला सांगितले आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला लावले. तिसऱ्या वेळेनंतर मी थांबलो. मग त्यांनी जे समजावून सांगितले ते ऐकून मी आणि पत्नी दोघेही चकित झालो. वाढत्या वयात स्नायू झिजत जातात, साठीनंतर ही झीज वेग घेते, आणि अन्नातून मिळालेल्या प्रथिनांचा स्नायूंसाठी उपयोग करून घेण्याची शरीराची क्षमताही मंदावते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ऊर्जा कमी लागते हे खरे, पण प्रथिने कमी लागत नाहीत, उलट थोडी जास्तच लागतात. भूक तर वयामुळे आपोआप कमी झालेली असते. अशा माणसाला ‘कमी खा आणि मऊ खा’ असे सांगितले की तो नेमके तेच सोडतो ज्याची त्याला गरज असते.

त्यांनी मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्या तरुण बाईंनी काही न सांगता आधी मला चार दिवस वहीत सगळे खाणे लिहून आणायला सांगितले, अगदी चहातले दूध आणि बिस्किटेसुद्धा. वही पाहून त्यांनी हिशेब मांडला: चार पोळ्या, दोन वेळचा भात, दोन वाट्या पातळ वरण, चहाचे दूध, एक भाजी. एकूण प्रथिने चाळीस ग्रॅमच्याही आत भरली. माझे वजन तेव्हा पासष्ट किलो होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे मला चोपन्न ग्रॅम. आणि वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, म्हणजे पासष्टपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत. “काका, तुमचं पोट भरतंय, पण ताट रिकामं आहे,” असे त्या म्हणाल्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवायची नसतात, म्हणून त्यांनी आधी माझ्या रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेतले, आणि हे वाचणाऱ्यानेही तेवढे अवश्य करावे.

पुढचा भाग सांगायला सोपा आणि करायला अवघड होता, कारण तो दुकानातून आणायच्या डब्यांवर अवलंबून नव्हता, रोजच्या स्वयंपाकावर होता. मला सर्वांत जास्त समाधान या गोष्टीचे वाटले की, जे हवे होते ते आमच्याच भागात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जात होते. हुलग्यांचेच, म्हणजे कुळथाचेच पाहा. थोड्या पाण्यावर येणारे हे कडधान्य, शंभर ग्रॅमला सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने, आणि दात नसलेल्या माणसालाही खाता येईल अशी त्याची रूपे आमच्या आयांना ठाऊक होती. पत्नीने हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, ठेचलेला लसूण, जिरे, तिखट आणि बेताचे मीठ घालून घट्ट मळले, तळहातावर वळकटी करून तिची कडी वळली आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडली. शेंगोळी शिजून आली की कवळीला अजिबात त्रास देत नाहीत, आणि खालचा दाटसर रस्सा वाटीने पिता येतो. लसणाचा तो वास मला आजही लागतो, याचा मला फार आनंद होतो. माडगे हा दुसरा प्रकार. भाजलेल्या हुलग्यांचे पीठ पाण्यात कालवून उकळायचे. त्यात एरवी गूळ घालतात, माझ्या साखरेमुळे आम्ही ते जिरे-लसूण घालून तिखट करतो.

उसळ जड पडते ही तक्रार खरी होती, पण ती कडधान्य सोडून देण्याइतकी मोठी नव्हती. मटकी आणि मूग आता मोड आणून, कुकरमध्ये बोटाने दाबला तर दाणा मोडेल इतके शिजवून घेतो, वर हिंग-आले असते, आणि सुरुवातीला अर्धी वाटी खाऊन मग हळूहळू प्रमाण वाढवले. वरण दाट झाले. भाकरीही परत आली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, ते तिच्या गुणांमुळेच, आणि तिची तव्यावरून उतरलेली गरम भाकरी पदर सुटून इतकी मऊ असते की कवळीनेही नीट चावता येते. कडक भाकरी मात्र सुटली ती सुटलीच. सकाळी दोन उकडलेली अंडी खातो, त्यांतून बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. आहारतज्ज्ञ बाईंनी एका गोष्टीवर विशेष भर दिला होता: सगळी प्रथिने रात्रीच्या जेवणात न कोंबता ती तिन्ही वेळांत विभागायची, आणि सकाळचा नाष्टा फक्त पोह्यांवर किंवा चहा-खारीवर भागवायचा नाही. पोहे होतात तेव्हा त्यांत मोड आलेली मटकी आणि भाजलेले शेंगदाणे पडतात. खुर्चीवरून उठण्याचा व्यायामही रोज करतो, कारण स्नायूंना काम दिल्याशिवाय खाल्लेले तिथे पोचत नाही.

मिठाची सवय मोडायला सर्वांत जास्त दिवस लागले. वरून मीठ घेणे बंद केले, लोणचे सणापुरते ठेवले, आणि त्या जागी लिंबू, आमसूल, कारळ्याची आणि जवसाची चटणी आणली. आंबट आणि खमंग चवी म्हाताऱ्या जिभेपर्यंत अजून चांगल्या पोचतात असा माझा अनुभव आहे. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, असा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि त्यात पापड-लोणच्यातले मीठही धरायचे असते हे घरोघरी विसरले जाते.

पाण्याचे आणखी वेगळे. ड्युटीवर कमी पिण्याची सवय होतीच, त्यात वयाने तहान लागणेच कमी होते. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि तरीही मला दुपारपर्यंत पाण्याची आठवण होत नसे. आता सकाळी दोन तांबे भरून टेबलावर ठेवतो, ते संध्याकाळपर्यंत संपले पाहिजेत, आणि दुपारी ताक घेतो. तहान लागली की पिऊ, हा नियम आमच्या वयाला पुरेसा नाही.

या सगळ्या काळात माझ्या ताटाची चर्चा चालू असताना मला पत्नीचे ताट पहिल्यांदा नीट दिसले. मी ड्युटीवर असताना ती काय आणि केव्हा जेवते हे पाहण्याची संधीच मला कधी मिळाली नव्हती. सगळ्यांचे झाल्यावर उरलेली पोळी, भांड्याला लागलेली आमटी आणि वाटीभर भात, हे तिचे जेवण होते. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे अंडी-मटण नाही. सोमवार आणि एकादशीचे उपवास आहेत, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावालाच असतात. तिच्या तळपायांना मुंग्या येत होत्या, आणि ते वयामुळे असेल असे ती धरून चालली होती. तपासणीत ब-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात मिळत नाही, दूध-दह्यातून थोडे मिळते, आणि म्हातारपणी पोटातले आम्ल कमी झाले की मिळालेलेही नीट शोषले जात नाही. आधी इंजेक्शने आणि मग गोळ्या घेऊन मुंग्या कमी झाल्या. उपवास तिने सोडले नाहीत, आणि सोडावेत असे मी कधी म्हणणारही नाही. पण आता एकादशीला भगर, दाट शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि वाटीभर दही असते. शेंगदाण्यांत चौथा हिस्सा प्रथिने असतात आणि ती उपवासाला चालतात, ही आपल्या परंपरेतली मोठीच सोय आहे.

स्वयंपाकातला बराच भाग मी शिकलो. डाळ शिजवणे, कडधान्य भिजवणे, मोड आणणे, कुकर लावणे आणि भाजी चिरणे आता माझ्याकडे आहे, भाकरी अजून नीट थापता येत नाही. निवृत्त पुरुषाने स्वयंपाकघरात जावे असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याचे कारण माझा एक जुना सहकारी आहे. त्याची पत्नी गेली, मुले परगावी आहेत. तो एकटा माणूस सकाळी चहा-बटर, दुपारी शेजारून आलेली एक पोळी, आणि रात्री पुन्हा चहा-बटर यांवर दिवस काढत होता. पेन्शन व्यवस्थित येत होती, बाजार जवळ होता, दातही माझ्यापेक्षा चांगले होते. एकट्यासाठी चूल पेटवावी असे त्याला वाटत नव्हते, एवढेच. एकट्याने जेवणाऱ्या वृद्धाचे खाणे किती लवकर आटते हे मी त्याच्याकडे पाहून शिकलो.

आता दर बुधवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला येतो, आणि शेंगोळी असली की दोन वाट्या घेतो. मी त्याला छोटा कुकर आणायला लावला. मुगाच्या डाळीची खिचडी, त्यात डाळ तांदळाच्या बरोबरीने, वर एक अंडे फोडून, एवढे त्याला जमू लागले आहे. पुढच्या वेळेला त्याला मटकीला मोड आणायला शिकवणार आहे, कारण भिजवलेली मटकी कपड्यात किती घट्ट बांधायची हे त्याने मागच्या बुधवारी दोनदा विचारले.